कूलरची चप्पल

अकोल्याची बस अमरावतीत शिरली तेव्हा साडेदहा वाजले होते. मार्चचा पंधरवडाही झाला नव्हता, पण ऊन आतापासूनच डोळ्यांवर यायला लागलं होतं. वर्षालीनं शेजारी बसलेल्या भाचीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मूर्तिजापूर सुटल्यापासून प्राजक्ता एक शब्द बोलली नव्हती. मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीचं तोंड तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"प्राजू, आजीनं पातोडीचा रस्सा केला असन. येशीन ना आत जेवाले?"

"मी आत नाही येणार आत्या. समोर बेबीताईकडे बसते. तुमचं झालं की बोलाव."

वर्षालीनं तिकिटं पर्समध्ये ठेवली. मागच्या अकरा मेला तिची वहिनी, म्हणजे प्राजक्ताची आई सीमा, कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून गेली, आणि तेराव्यानंतर ती या पोरीला पंधरा दिवसांसाठी म्हणून अकोल्याला घेऊन आली. त्या पंधरा दिवसांचे दहा महिने झाले. पोरीनं अकरावीही तिथंच केली. सुट्टीत, दिवाळीत, जेव्हा जेव्हा घरी जायचा विषय निघाला तेव्हा ती एकच वाक्य बोलली, की त्या घरात करंट आहे. मग तिच्या बापानं, अमोलनं, तेवढं एक वाक्य धरून ठेवलं. बोर्ड बदलला, वायरी बदलल्या, की पोरगी परत येईल. राजापेठेतल्या आपल्या हारांच्या दुकानात शेवंती ओवता ओवता तो बहिणीला फोनवर रोज हेच सांगायचा, आणि वर्षालीला त्याचा आवाज ऐकवत नसे.

पोरीचं एक मात्र तिला कळत नव्हतं. अकोल्याला तिच्या कपाटात, पुस्तकांच्या मागं, निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. आईची आठवण म्हणून ठेवल्या असतील, असं समजून वर्षालीनं त्यांना कधी हात लावला नाही.

*

अमोलनं तिन्ही कागद दिवाणावर मांडून ठेवले होते आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक वाटी पालथी घातली होती. समोर, अंगणातून आत येणाऱ्या बोळीत, भिंतीवर तो जुना बोर्ड होता. लाकडी पाट, त्यावर चिनी मातीचे चार फ्यूज, त्यातल्या एकाचं टोपण गेलेलं, आणि वरून खाली काळ्या टेपचे थरावर थर. गेल्या तीस वर्षांत ज्याच्या हाताला टेप लागली त्यानं ती तिथं गुंडाळली होती. शेजारची खिडकी मोकळी होती. कूलर त्यानं मागच्याच जूनमध्ये भंगारात देऊन टाकला होता.

धाकटा शुभम सकाळीच नागपूरहून आला होता आणि मोबाईलवर तक्ता करून बसला होता. नागपूरच्या कंपनीत त्याला दिवसभर हेच काम असतं, आणि ते त्याला आवडतंही.

"पाहा," तो म्हणाला, "राजापेठेतला ओमप्रकाश, बावीस हजार. लाकडी बोर्ड काढून डबा, एमसीबी, दोन दिवसात काम खतम. दुसरे महादेवराव, लायसनवाले. त्याइचे चौऱ्यानव हजार पाचशे. आख्ख्या घराची वायर नवी, अन् शॉक लागला का लाईन पाडते थो स्विच. तिसरं आपल्या तिवशाच्या किसनरावचं. अडोतीस हजार सातशे."

"चौऱ्यानव?" खुर्चीतून उत्तमराव म्हणाले. "तेवढ्यात तं म्या हे घर उभं केलं होतं. वरून गावजेवन घातलं."

"कोन्या साली, बाबा?"

"साल काय करतं? पैसा पैसाच असते."

"म्हनूनच सांगतो, बावीसवाला पकडा," शुभम म्हणाला. "हे घर आज नाई तं उद्या बिल्डरले जाईन. जे पाडाचंच हाये त्याच्यात लाखभर कावून गाडता?"

"घर जाईन तवा जाईन," अमोल म्हणाला. "प्राजू यंदा बारावीले जाईन. मले तिले एप्रिलमधे इथी आनाचं हाये. बावीसवाल्यात थो शॉकवाला स्विच नाई."

"शॉक!" उत्तमरावांनी मान दुसरीकडे वळवली. "करंट बोर्डात नोता. तुह्या कूलरात होता. रोडवरच्या लोहाराकडून पत्र्याचा डबा उचलून आनला, दोन हजार वाचले म्हनून सांगत फिरला गावभर. मले समदं आठवते."

अमोलनं एक पालथी वाटी सरळ केली आणि पुन्हा पालथी घातली. कूलर त्यानंच आणला होता. एप्रिलपासून त्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, हेही त्याला माहीत होतं. वऱ्हाडात कोणत्या घरी येत नाहीत? त्यानं जे सगळे करतात तेच केलं. निळ्या रबरी चपलांचा एक जोड आणून खिडकीखाली ठेवला आणि सगळ्यांना बजावलं की चप्पल घालूनच कूलरला हात लावायचा. घरात ती 'कूलरची चप्पल' म्हणूनच ओळखली जायची. सीमा रोज ती घालून पाणी भरायची. त्या दिवशी दुपारी तीन वाजता ती अनवाणी होती आणि चप्पल खिडकीखाली नव्हती. गर्दीत कुठं गेली कुणी पाहिलं नाही. सीमाच्या माहेरच्यांनी तेराव्याला, पंगतीत, सगळ्यांच्या देखत अमोलला विचारलं होतं की जावईबापू, कूलर केवढ्याला पडला? त्यानं किंमत सांगितली होती. खरी सांगितली होती.

"सुनबाईनं चप्पल घातली असती तं आज इथी असती," उत्तमराव म्हणाले. हे वाक्य या घरात दहा महिन्यांत इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की कुणी मानसुद्धा वर केली नाही.

वर्षाली तेवढ्यात आत आली, चप्पल काढता काढता तिनं शेवटचं ऐकलं आणि तिचं डोकं फिरलं.

"बाबा, दहा महिने झाले. आता तं सोडा त्याले! अन् शुभम, तू फक्त खालचा आकडा वाचून रायला. तिघाइनं एकच काम मांडलं हाये का? आमच्या घरी काम झालं तवा हे म्हने, पयले अर्थिंग पाहा. अर्थिंगचं काय लिहिलं तिघाइनं?"

अमोलला बहिणीचा इतका आधार वाटला की त्याला पाण्याचा ग्लास उचलावा लागला.

शुभमनं कागद ओढले. "ओमप्रकाशनं लिहिलं, जुनी अर्थिंग वापरणे. त्याचे पैसे शून्य. महादेवरावचं, दोन खड्डे नवीन, तांब्याच्या पट्टीसह, अठरा हजार. अन् किसनराव..." त्यानं वहीचं पान उजेडाकडे धरलं. किसनरावांचं अक्षर बारीक होतं, जुन्या शाळेतलं. "सातवं काम. अंगणातील फरशीखाली बुजलेला अर्थिंगचा जुना खड्डा, कढीपत्त्याजवळचा, मोकळा करणे, मीठ, कोळसा, पाणी. बाराशे रुपये."

"कोनता खड्डा?" उत्तमरावांनी विचारलं.

"खाली अजून लिहिलं हाये," शुभम म्हणाला. "जागा काकूंना माहीत आहे."

*

माणिकबाई, या तिघा भावंडांची आई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात रश्श्याचं पातेलं घेऊन. त्यांनी ते खाली ठेवलं नाही. चटका बसत होता तरी ठेवलं नाही.

गुरुवारी किसनराव आले तेव्हाच त्यांना समजलं होतं. हे घर बांधलं तेव्हा किसनरावांनीच सगळी लाईन टाकली होती. अमोलच्या मागं मागं ते घरभर फिरले, बोर्ड उघडला, शिट्टी वाजवली, आणि मग अंगणात येऊन कढीपत्ता होता त्या जागेवर उभे राहिले. वाकून फरशीवर त्यांनी बोटांनी दोनदा टकटक केलं. मग माणिकबाईंकडे पाहिलं. अमोल पलीकडेच उभा होता. किसनराव बोलले नाहीत. चला, येतो काकू, म्हणून निघून गेले. देवमाणूस आहे, असं माणिकबाईंना त्या रात्रभर वाटत राहिलं. तो बोलणार नाही, लिहून देईल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आई?" वर्षाली म्हणाली.

"सांगतो," त्या म्हणाल्या. "बसू द्या मले."

अमोलनं उठून पातेलं हातातून घेतलं. त्या खाली, उंबऱ्याशीच बसल्या.

"घर झालं तवा किसनरावनं कढीपत्त्यापाशी खड्डा केला होता. पुरुषभर. मीठ, कोळसा घातला, पाईप रोवला. मले म्हने काकू, आपली ही काळी जमीन. उन्हाळ्यात वाळते, भेगा पडतेत, मग हा पाईप काई कामाचा रायत नाई. होळीपासून पावसाचं पानी येईलोक रोज एक बकेट इथी वता. कोनाले वाटीन कढीपत्त्याले घालून रायले, पन हे घराचं पानी हाये. मलेच सांगतलं. तुमी समदे दुकानात, शाळेत. घरी मीच राहो."

सोळा-सतरा उन्हाळे त्या बाईनं संध्याकाळी बादली ओतली, आणि घरातल्या माणसांनी ते पाहिलंही, आणि प्रत्येकाला वाटलं की आई कढीपत्त्याला पाणी घालते आहे. तिला कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. घरातल्या बायकांच्या अशा कामांची चौकशी करायची पद्धत नव्हतीच.

"मग वर्षालीचं लगन निघालं," माणिकबाई म्हणाल्या. "अंगणात मांडव टाकाचा म्हनून तुमी फरशी टाकली. कढीपत्ता तोडला. गवंड्यानं मले इचारलं, काकू, हा पाईप निंगाला, याचं काय करू? नळ एक दिवसाआड येत होता. माहे गुडघे तवाच गेले होते. मी म्हनलो, बुजव."

त्या शब्दाबरोबर त्यांना तो उन्हाळा आठवला. पहिल्यांदाच संध्याकाळी बादली उचलायची नव्हती. पायरीवर बसून त्यांनी चहा घेतला होता, गार होईपर्यंत, निवांत, आणि किती बरं वाटलं होतं! तेच आता सहन होत नव्हतं.

"म्हंजे," शुभम हळूहळू म्हणाला, "अर्थिंग चालू असती, तं कूलरच्या पत्र्यात करंट आला तरी फ्यूज गेला असता. वहिनीले..." त्याचं बोट अजून बाराशेच्या आकड्यावर होतं. "बाराशे रुपयाचं काम."

"तुले तेवीस वर्सं हे मालूम होतं?" उत्तमराव उठून उभे राहिले. आकडा दहानं चुकला होता, पण तो सुधारण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. "सुनेचा जीव गेला अन् तू दहा महिने तोंडात मिठाची गुळनी धरून बसली? मी या पोराले उठता बसता..."

"तुमी बोलत होते. मी आयकत होतो," माणिकबाई म्हणाल्या. "रोज वाटे सांगाव. रोज वाटे उद्या सांगू."

अमोल बोर्डाकडे पाहत होता. दहा महिने त्याच्या छातीवर जो दगड होता तो आता कुणी उचलला होता, आणि त्याला सुटल्यासारखं अजिबात वाटलं नाही. आईवर ओरडावं असंही वाटेना. गुडघे धरून उंबऱ्याशी बसलेली ती बाई, तिच्यावर काय ओरडणार? सीमाच असती तर तिनं आईला आधी पाणी दिलं असतं. तो आत गेला आणि पाणी घेऊन आला.

"घे, आई," तो म्हणाला. आणि मग, "मी प्राजूले सांगतो. तिले कळाले पायजे."

"अजिबात नाई," वर्षाली म्हणाली.

अमोलला खरंच वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. आताआतापर्यंत ती त्याच्या बाजूची होती.

"दादा, आईक माहं. सोळा वर्साची पोट्टी हाये. आजीच्या हातानं आई गेली, हे तिले सांगशीन? ती या उंबऱ्यात कधी पाय ठेवन का? आज ती करंटले भेते, करंट काढता येते. आजीले कसं काढशीन तिच्या मनातून? अन् थे फरशी..." तिनं अंगणाकडे बोट केलं. "थे माह्या लग्नाची हाये. माह्यासाठी टाकली. मी तिले दहा महिने मांडीवर घेऊन झोपवलं. तिनं माह्याकडे कोन्या डोयानं पाहाव?"

"वर्षाली खरं बोलून रायली," शुभम म्हणाला. घराचं मघाशी जे काही पाडायचं होतं ते तो विसरला होता. "पोरगी परत आनाची हाये न? मग बोलू नको."

उत्तमरावांनी खुर्ची धरली. दहा महिन्यांत पहिल्यांदा ते मोठ्या मुलाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत नव्हते. माफी मागायची त्यांच्या पिढीला सवय नव्हती. "चौऱ्यानववालं कर," ते म्हणाले. "पैसे मी देतो. तिवशाच्या वावरातल्या झेंडूचे आले हायेत. अन् हे चार भिंतीतच राहू द्या."

अमोलनं दिवाणावरच्या कागदांकडे पाहिलं. एका बाजूला खरं होतं, दुसऱ्या बाजूला एप्रिलमध्ये या घरात अभ्यासाला बसलेली पोरगी. त्यानं पोरगी निवडली. कोणत्याही बापानं तेच केलं असतं.

"बरं," तो म्हणाला. "नाई सांगत."

त्यानं किसनरावांचं पान उचललं, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. वाटी तेवढी दिवाणावर पालथी राहिली.

*

बेबीताईंच्या खिडकीतून समोरचं अंगण पूर्ण दिसायचं. प्राजक्तानं तासभर तेच पाहिलं. आतून आवाज चढले आणि पडले, शब्द कळले नाहीत. मग आजी एकटीच बाहेर आली आणि पायरीवर बसली.

प्राजक्ता उठली. आज ती बाबांना सांगायला आली होती. दहा महिने तिनं ते सांगायचं टाळलं होतं. त्या दिवशी अडीचचा क्लास होता. दारातच तिच्या सँडलचा पट्टा तुटला. उशीर झाला होता, म्हणून तिनं खिडकीखालची निळी चप्पल पायात सरकवली आणि निघाली. आईला सांगितलंसुद्धा नाही. दीड तासाचा क्लास, येऊन जागेवर ठेवली असती. सव्वातीनला सरांच्या फोनवर फोन आला. ती धावत घरी आली तेव्हा चप्पल तिच्या पायांतच होती, आणि गर्दीतल्या कुणाचंही लक्ष तिच्या पायांकडे गेलं नाही. नंतर जो तो तिच्यासमोर म्हणत राहिला, चप्पल घातली असती तर. आजोबा म्हणाले, मामा म्हणाले, दूध घालणारासुद्धा म्हणाला. त्या घरात करंट आहे, हे तिनं काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं होतं.

बाबांना सांगण्याआधी तिला एकदा आजीला विचारायचं होतं. आजी त्या दिवशी घरात होती. आजी कधी खोटं बोलत नाही.

ती फाटकापाशी येऊन थांबली. पिशवी हातात होती.

"आजी."

"ये वं माय. ये न आत."

"एक विचारू? खरं सांगशील?"

माणिकबाईंनी मागं दाराकडे पाहिलं. पोरीनं ऐकलं का काही? आवाज तर मोठा होता.

"त्या दिवशी चप्पल जागेवर असती," प्राजक्ता म्हणाली, "तर आई वाचली असती का?"

म्हणजे ऐकलं नव्हतं. माणिकबाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांचे डोळेच भरून आले. पायाखाली ती फरशी होती. आत मुलगा होता, ज्यानं आत्ताच त्यांच्यासाठी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं.

"हो वं बाई," त्या म्हणाल्या. "चप्पल असती तं काईच झालं नसतं. बाकी काई कारन नोतं. तू भेऊ नको आता."

प्राजक्तानं मान हलवली. "बरं," ती म्हणाली.

ती आत आली. दहा महिन्यांनी पहिल्यांदा तिनं ते अंगण ओलांडलं, आणि आजीला वाटलं, झालं, पोरगी आली. ती बोळीतल्या मोकळ्या खिडकीपाशी क्षणभर वाकली, मग सरळ उभी राहिली. तेवढ्यात अमोल खोलीतून धावतच बाहेर आला, हातात फोन.

"प्राजू! तू आत आली? ठरलं पाहा. महादेवराव सोमवारी लागतेत कामाले. पूर्न घराची वायर नवी. अन् असा स्विच बसवून रायलो का शॉक लागाच्या आत लाईन पडते. तू हात लावून पाह्यजो पाहिजे तं. एप्रिलमधे तुही खोली..."

"बाबा, मी बारावी अकोल्यालाच करते."

"कावून?" त्याचा चेहरा पाहवत नव्हता. "आता तं काईच राहत नाई न बेटा. समदं बदलून रायलो."

"चांगलं बसवून घ्या," प्राजक्ता म्हणाली. "आजीला जपा. मी येत जाईन मधून मधून."

ती कधीच येणार नाही, हे अमोलला त्याच वेळी समजलं. का, ते मात्र समजलं नाही. खिशातल्या कागदावर त्यानं हात ठेवला आणि वर्षालीकडे पाहिलं. वर्षालीनं मान हलवून नाही म्हटलं. त्यानं खिशावरचा हात खाली घेतला.

*

चारच्या बसनं त्या दोघी गेल्या. अमोल त्यांना स्टँडवर सोडून तसाच दुकानात गेला. पाच वाजता माणिकबाई झाडू घेऊन बोळीत आल्या आणि मोकळ्या खिडकीखाली झाडू अडला.

निळ्या पट्ट्याची चप्पल. टाचा भिंतीकडे करून नीट ठेवलेली, जशी सीमा ठेवायची.

त्यांनी ती उचलली. आधी काहीच कळलं नाही. मग एकेक आठवत गेलं. पोरीचा तुटका सँडल, जो दारामागं पडला होता आणि जो त्यांनीच जूनमध्ये मोच्याकडून शिवून अकोल्याला पाठवला होता. तो कधी तुटला, मग पोरगी त्या दिवशी क्लासला काय घालून गेली, हे त्यांनी तेव्हा मनाला विचारलंच नव्हतं. आणि आज फाटकात उभं राहून पोरीनं काय विचारलं, आणि आपण काय सांगितलं.

"शुभम! अरे शुभम! वर्षालीले फोन लाव. लवकर लाव!"

शुभम धावत आला. मागून उत्तमरावही आले. "काय झालं?" दोघांनीही विचारलं. माणिकबाईंनी चप्पल पदराखाली घेतली होती. का घेतली, ते त्यांना सांगता आलं नसतं.

फोन लागला. वर्षालीनं तो प्राजक्ताकडे दिला. बसचा आवाज येत होता.

"हॅलो, आजी?"

माणिकबाईंनी तोंड उघडलं. समोर नवरा उभा होता, बाजूला पोरगा, दोघंही त्यांच्याकडे पाहत होते. चार भिंतीतच राहू द्या, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. एक वाक्य पुरे होतं. चपलीनं काही झालं नाही माय, खड्डा म्या बुजवला. एवढंच. ते ओठांपर्यंत आलं, आणि दहा महिन्यांत रोज जे झालं होतं तेच आजही झालं.

"आजी," पलीकडून प्राजक्ता हळूच म्हणाली, "चप्पल सापडली का तुला?"

"कोनती चप्पल वं?" माणिकबाई म्हणाल्या.

पलीकडे कंडक्टरची बेल वाजली.

"काही नाही," प्राजक्ता म्हणाली. "ठेवते, आजी."